वॉटसन नदीचा जुलै २०१२चा पूर: पाणी कळले, गाळाचा हिशेब कुठे अडतो?

पश्चिम ग्रीनलंडमध्ये, ध्रुववृत्ताच्या थोडे वर, कांगेरलुसुआक हे छोटे गाव आहे. गावाला लागून वॉटसन नदी वाहते आणि लगेच फ्योर्डला, म्हणजे डोंगरांमधून आत शिरलेल्या समुद्राच्या अरुंद खाडीला, मिळते. ११ जुलै २०१२ रोजी या नदीचा विसर्ग सेकंदाला ३,१०० घनमीटरपर्यंत चढला आणि त्याच सुमारास १९५०च्या दशकातल्या पुलाचा एक भाग वाहून गेला. हा पूर पावसाचा नव्हता. हिमस्तराच्या, म्हणजे ग्रीनलंड झाकणाऱ्या बर्फाच्या प्रचंड थराच्या, पाठीवर वितळलेले पाणी खाली आले होते.

पाण्याची ही गोष्ट बरीच सांगितली गेली आहे. गाळाची गोष्ट त्याहून अवघड आहे. ‘पाणी दुप्पट, तर गाळही दुप्पट किंवा जास्त’ हे गृहीत धरून हिशेब मांडला की हिमनदीच्या नदीत तो फसतो, कारण इथे गाळाचे प्रमाण पाणी एकटे ठरवत नाही. त्या वेळी गाळाचा कोणता साठा पाण्याच्या हाती लागला, यावर ते ठरते. या पुरावरून हे नीट दाखवता येते.

पाणलोट आणि दोन फाटे

वॉटसनचे पाणलोट क्षेत्र सुमारे १२,००० चौरस किलोमीटर आहे आणि त्यातला बहुतेक भाग बर्फाखाली आहे. बर्फाच्या काठापासून पुलापर्यंतचे अंतर मात्र जेमतेम २०-२५ किलोमीटर. नदीला दोन मुख्य फाटे आहेत. उत्तरेचा फाटा रसेल आणि लेव्हरेट या हिमनद्यांचे पाणी घेऊन सँडफ्लुग्टडालेन नावाच्या दरीतून येतो. या डॅनिश नावाचा अर्थच ‘उडत्या वाळूची दरी’, आणि तिथे पसरलेली वाळू पाहिली की नाव कशावरून पडले ते कळते. दक्षिणेचा फाटा दुसऱ्या दरीतून येतो. गावाजवळ दोन्ही एकत्र होऊन उघड्या खडकातल्या अरुंद घळीतून पुढे जातात. पूल तिथेच आहे आणि मोजणीही तिथेच होते.

जागा मोजणीसाठी चांगली आहे. वरच्या दरीत नदी दहा धारांमध्ये विखुरते आणि दर आठवड्याला वाट बदलते. तिथे पात्राचा छेद काढून ठेवला तरी तो महिनाभरही टिकत नाही. घळीत काठ खडकाचे असल्याने पाण्याची पातळी आणि विसर्ग यांचे नाते बऱ्यापैकी स्थिर राहते. नदी वाहते साधारण मे ते सप्टेंबर, फार तर ऑक्टोबरच्या सुरुवातीपर्यंत. बाकीचे महिने पात्र जवळजवळ थिजलेले असते. वर्षाचा सगळा गाळ शंभर-सव्वाशे दिवसांत जातो, आणि त्यातलाही मोठा हिस्सा मोजक्या दिवसांत.

तीन टक्के उष्णता, अठ्ठावीस टक्के पाणी

२०१० हेही प्रचंड वितळीचे वर्ष होते. दोन उन्हाळ्यांची तुलना केली तर बर्फ वितळवायला मिळालेल्या निव्वळ ऊर्जेत फरक फक्त ३ टक्के होता. तरीही २०१२चा एकूण विसर्ग ६.८ घनकिलोमीटर भरला, म्हणजे २०१०पेक्षा २८ टक्के जास्त.

यामागे दोन कारणे होती. पहिले हिमस्तराच्या आकारात आहे. काठाजवळ बर्फाचा उतार तीव्र आणि आत गेल्यावर जवळजवळ सपाट असतो. वितळण्याची रेषा काठाजवळ शंभर मीटर वर सरकली तर थोडेच क्षेत्र वाढते, पण पठारावर तेवढीच सरकली तर अफाट क्षेत्र वितळीत येते. दुसरे कारण बर्फाच्या पोटातले. उंचावर वर्षानुवर्षांचा दाबलेला सच्छिद्र हिम असतो, त्याला फर्न म्हणतात. वितळलेले पाणी त्यात मुरते आणि पुन्हा गोठते, म्हणून एरवी तिथले पाणी नदीपर्यंत येत नाही. आधीच्या उष्ण वर्षांत हेच पाणी गोठून फर्नमध्ये बर्फाचे घट्ट थर तयार झाले होते, निदान १,८४० मीटर उंचीपर्यंत. २०१२मध्ये पाणी त्या थरांवरून आडवे वाहत सुटले. काठापासून आत १४० किलोमीटरपर्यंत पृष्ठभागावरचे ओहोळ दिसले. त्या वर्षीच्या विसर्गातला सुमारे १० टक्के वाटा अशा उंचावरून आला, जिथे सरासरी वर्षात बर्फ घटण्याऐवजी साठतो. १२ जुलैला तर उपग्रहांच्या नोंदीत ग्रीनलंडच्या हिमस्तराचा सुमारे ९७ टक्के पृष्ठभाग वितळताना दिसला.

गाळाच्या दृष्टीने या १० टक्क्यांचे महत्त्व वेगळे आहे. उंचावरच्या बर्फाच्या पृष्ठभागावर धूळ सोडली तर गाळ नसतो. तिथून निघालेले पाणी निळे आणि स्वच्छ असते. ते गढूळ होते खाली, बर्फाच्या तळाशी पोहोचल्यावर.

गाळाची तीन कोठारे

पहिले कोठार बर्फाखाली. हिमनदी तळाच्या खडकावरून सरकते, आपल्यात अडकलेल्या दगडांनी तो खडक घासते आणि दगडाचे पीठ तयार करते. इथला खडक मुख्यतः नाइस, म्हणजे उष्णता आणि दाबाने बदललेला पट्टेदार खडक. त्याच्या पिठात क्वार्ट्झ आणि फेल्डस्पार या खनिजांचे ताजे, कोनेदार कण असतात, हवामानाने कुजून बनलेली माती नव्हे. लेव्हरेट हिमनदीच्या तोंडाशी केलेल्या मोजणीवरून २०१२मध्ये प्रसिद्ध झालेला झिजेचा दर होता वर्षाला सुमारे ४.८ मिलिमीटर, २.६ मिलिमीटर इकडेतिकडे धरून. हिमस्तरांसाठी तोवर मानल्या जाणाऱ्या दरांच्या मानाने हा आकडा फार मोठा आहे.

पण झीज झाली म्हणजे गाळ लगेच नदीत आला असे नाही. पीठ तळाशी पडून राहते, त्याला पाणी भेटावे लागते. पृष्ठभागावरचे पाणी बर्फातल्या उभ्या विहिरींतून तळाला उतरते. हंगामाच्या सुरुवातीला तळाशी पाण्याला मोकळी वाट नसते. ते दाबाखाली पातळ पसरते, बर्फाला थोडे उचलते आणि नव्या जागचे पीठ सोडवते. लेव्हरेटच्या तोंडाशी वसंतात असे एकाएकी सुटणारे लोंढे नोंदले गेले आहेत. बर्फावरचे एखादे तळे तळाकडे रिकामे झाले की काही तासांत विसर्ग आणि गढूळपणा दोन्ही उसळतात. उन्हाळा पुढे सरकतो तसे तळाशी मोठे बोगदे कोरले जातात. पाणी त्यातून वेगाने निघून जाते आणि बोगद्याच्या दोन्ही बाजूंचे पीठ न धुतलेलेच राहते. म्हणून तोच विसर्ग जूनमध्ये जास्त गाळ आणतो आणि ऑगस्टमध्ये कमी.

जुलै २०१२च्या पुराचा कळीचा मुद्दा हाच आहे. बोगदे नेहमीच्या प्रवाहाच्या मापाचे झालेले असतात. त्यात अचानक जास्त पाणी आले की बोगदा भरतो, दाब चढतो आणि पाणी बाजूच्या, तोवर न धुतलेल्या तळावर पसरते. पाणी उतरताना ते पुन्हा बोगद्यात शिरते आणि सोबत गाळ ओढून आणते. त्यामुळे मोठ्या लोंढ्यात नवे कोठार उघडू शकते. पण तळ आधीच धुतला गेला असेल, तर तेवढेच पाणी गाळ विरळ करते. विसर्गाचा आलेख पाहून यातले काय झाले ते सांगता येत नाही.

दुसरे कोठार काठावरचे हिमोढ, म्हणजे हिमनदीने आणून टाकलेले दगडमातीचे ढीग, आणि तिसरे दरीतली वाळू. तिसऱ्याकडे सहसा दुर्लक्ष होते. सँडफ्लुग्टडालेनसारखी दरी रोजच्या प्रवाहात गाळ साठवते आणि पुरात परत देते. पाणी काठ ओलांडून वाळूच्या पसाऱ्यावर गेले की आधीच्या वर्षांत तिथे बसलेला पोयटा आणि बारीक वाळू उचलली जाते. काठ गोठलेले असतील तर क्रिया आणखी वेगळी. उन्हाळ्याचे पाणी गोठलेल्या काठाच्या पायथ्याला वितळवत खाच पाडते आणि वरचा भाग अख्ख्या ढेपेने कोसळतो. अशी ढेप पुढचे अनेक तास विरघळत राहते आणि विसर्ग उतरत असताना गढूळपणा चढा ठेवते.

म्हणून पुलापाशी मोजलेला गाळ हा ‘हिमस्तराने या वर्षी केलेली झीज’ नव्हे. त्यात जुना साठा मिसळलेला असतो. दोन्ही वेगळे करायचे तर हिमनदीच्या तोंडाशी एक आणि पुलापाशी एक अशी दोन ठाणी एकाच वेळी चालू असायला हवीत.

इथे एक फरक लक्षात ठेवावा. रसेल हिमनदीच्या कडेला बर्फाने अडवलेले एक तळे आहे. वीस वर्षे शांत राहून ते ३१ ऑगस्ट २००७ रोजी फुटले आणि नंतरही फुटत राहिले. त्या पुराचा आलेख अरुंद आणि टोकदार असतो, आणि त्याचे पाणी मुख्यतः काठालगतच्या वाटेने येते, पठाराखालच्या विस्तीर्ण तळातून नाही. जुलै २०१२चा पूर त्या जातीचा नव्हता. तळे फुटण्याच्या पुरात घेतलेल्या नमुन्यांवरून वितळीच्या पुराचा गाळ काढू नये.

नमुना घेताना

निलंबित, म्हणजे पाण्यात तरंगत वाहणारा, गाळ मोजण्याची मूळ पद्धत साधी आहे, पण तिच्या प्रत्येक पायरीवर चूक दबा धरून असते.

बाटली धारेत बुडवताना तोंड प्रवाहाकडे ठेवायचे आणि एकाच वेगाने तळापर्यंत नेऊन तशीच वर आणायची. डीएच-४८सारखा हाती नमुनापात्र त्यासाठीच बनवला आहे. बाटली काठोकाठ भरली तर नमुना टाकून द्यायचा. भरल्यावरही पाणी आतबाहेर होत राहते, जड कण आत बसतात आणि प्रमाण खोटे वाढते. काठावरून बाटली बुडवली तर उलटे होते. बारीक पीठ पाण्यात सगळीकडे सारखे असते, पण वाळू तळाशी आणि मधल्या धारेत असते, ती सुटते. ३,१०० घनमीटरच्या लोंढ्यात मधल्या धारेत नमुनापात्र धरणे शक्य नाही, आणि पूल तुटल्यावर तर उभे राहायलाही जागा नाही. म्हणजे सर्वात महत्त्वाच्या तासांचे नमुने बहुधा काठाचे असतात, आणि त्यात भरड कण कमी दिसतात.

गाळणीचा कागद आधी वाळवून दशांश मिलिग्रॅमपर्यंत तोलायचा, नमुना गाळायचा, १०५ अंश सेल्सियसला वाळवायचा, ओलावा पकडणार नाही अशा बंद भांड्यात थंड करून पुन्हा तोलायचा. लिटरला दोन ग्रॅम गाळ असेल तर ४७ मिलिमीटरचा कागद थोड्याच पाण्यात तुंबतो. अशा वेळी अर्धी बाटली गाळून उरलेली फेकणे ही नेहमीची चूक. तोवर जड कण बाटलीच्या तळाशी बसलेले असतात. एक तर सगळी बाटली अनेक कागदांवर गाळावी, किंवा सतत ढवळत ठेवून मोजून हिस्सा घ्यावा. कागदाच्या छिद्राचा आकारही नोंदलाच पाहिजे. ०.४५ आणि ०.७ मायक्रोमीटरच्या कागदांवर मिळालेले आकडे एका तक्त्यात मिसळले की हिमपिठाच्या सर्वात बारीक भागाचा घोळ होतो.

नमुन्यांमधला वेळ गढूळपणा मोजणाऱ्या सेन्सरने भरून काढतात. सेन्सर गाळ तोलत नाही, कणांवरून परावर्तित झालेला प्रकाश मोजतो. एवढ्याच वजनाचे कण जितके बारीक, तितके त्यांचे एकूण पृष्ठफळ जास्त आणि प्रकाशही जास्त परततो. आता पुरात काय होते पाहा. दरीतली वाळू उठते, कण सरासरीने मोठे होतात, वजन वाढते, पण सेन्सरचा आकडा त्या मानाने चढत नाही. शांत दिवसांच्या नमुन्यांवर बसवलेले समीकरण पुराच्या दिवशी गाळ कमी दाखवते, आणि आलेख गुळगुळीत दिसत असल्याने कुणाला शंकाही येत नाही. शिवाय प्रत्येक सेन्सरला वरची मर्यादा असते. ती गाठली की आकडा तिथेच सपाट होतो. आलेखात सपाट माथा दिसला तर तो पुराचा माथा नसून उपकरणाचा आहे, असे आधी समजावे. कोनेदार पीठ सेन्सरची काचही घासते, म्हणून हंगामाच्या शेवटी ज्ञात नमुन्यात बुडवून तो पुन्हा तपासावा लागतो.

पाण्याच्या मोजणीतही सापळे आहेत. पातळी दाबमापकाने मोजतात आणि त्यातून हवेचा दाब वजा करतात. हवेच्या दाबात १ हेक्टोपास्कलची चूक म्हणजे पातळीत १ सेंटीमीटरची. खरी मोठी चूक पात्राच्या तळाची असते. घळीचे काठ खडकाचे असले तरी तळाशी वाळू-गोटे बसलेले असू शकतात. पुरात ते खरवडले जातात, पात्र खोल होते, आणि जुन्या छेदावरून काढलेला विसर्ग कमी भरतो. वॉटसनच्या पातळी-विसर्ग नात्याची नंतर फेरमांडणी झाली आणि आधीचे विसर्गाचे आकडे वर सरकले. त्यामुळे इथे दिलेले ३,१०० घनमीटर आणि ६.८ घनकिलोमीटर हे आकडे २०१६पर्यंतच्या मांडणीतले आहेत, नव्या मालिकेतल्या आकड्यांशी त्यांची सरमिसळ करू नये. विसर्ग बदलला की त्याने गुणून काढलेला सगळा गाळही बदलतो.

एका दिवसाचे तीन हिशेब

आता उदाहरण. खालची गाळाची प्रमाणे हिशेब दाखवण्यासाठी घेतली आहेत, ती त्या दिवशीची मोजणी नाही.

समजा १,२०० घनमीटरपर्यंतच्या विसर्गात नमुने मिळाले आहेत आणि तिथे गाळ लिटरला १.५ ग्रॅम आहे. पुढे नमुना नाही. गाळाचे प्रमाण विसर्गाच्या ०.८व्या घाताने वाढते असे धरले तर ३,१०० घनमीटरला ते ३.२ ग्रॅम होते. हाच विसर्ग दिवसभर टिकला असे धरले तर त्या दिवसाचा गाळ सुमारे ८.६ लाख टन. घात १.२ धरला तर प्रमाण ४.७ ग्रॅम आणि गाळ सुमारे १२.६ लाख टन. कोठार रिकामे झाले आणि प्रमाण १.५ ग्रॅमवरच राहिले असे धरले, तर सुमारे ४ लाख टन. पाणी एकच, दिवस एकच, आणि उत्तरात तिपटीचा फरक. ०.८ आणि १.२ हे दोन्ही घात विखुरलेल्या ठिपक्यांतून काढलेल्या रेषेला शोभतील असेच आहेत.

त्यात आणखी एक चूक आपोआप शिरते. ही रेषा लॉगरिदमच्या कागदावर काढतात आणि मग उत्तर साध्या आकड्यात परत आणतात. या फिरवाफिरवीत सरासरी नेहमी कमी येते. ठिपक्यांचा रेषेभोवतीचा विखुरलेपणा दहाच्या लॉगरिदममध्ये ०.३ असेल तर दुरुस्तीचा गुणक सुमारे १.२७ निघतो, म्हणजे दुरुस्ती न करता दिलेला आकडा पाचव्या हिश्शाहून अधिकने कमी असतो.

चढत्या आणि उतरत्या पाण्यासाठी एकच रेषा वापरणे ही त्याहून मोठी चूक. दोन्हींची समीकरणे वेगळी काढावीत, आणि जून व ऑगस्टचीही वेगळी. नमुने कमी असतील तर रेषाच काढू नये, नमुन्यांमधले आकडे वेळेनुसार जोडावेत आणि अनिश्चितता उघड लिहावी. रोज दुपारी बारालाच नमुना घेणे टाळावे. बर्फावर दुपारी वितळलेले पाणी विहिरी, बोगदे आणि दरी पार करून पुलाशी येईपर्यंत रात्र उलटू शकते, आणि रोजची ठरलेली वेळ रोज एकाच बाजूची चूक करते.

तळावरून घरंगळणाऱ्या गोट्यांचा आणि भरड वाळूचा हिशेब तर यात आलेलाच नाही. घळीतल्या वेगात तळावर सापळा टिकत नाही. त्यासाठी नदीच्या मुखाशी साठलेल्या गाळाची वर्षानुवर्षे खोली मोजणे हाच त्यातल्या त्यात व्यवहार्य मार्ग.

थंड पाणी आणि फ्योर्ड

शून्य अंशाचे पाणी २० अंशाच्या पाण्यापेक्षा जवळजवळ पावणेदोन पट चिकट असते. कण तेवढ्याच पटीने हळू बसतात. शून्य अंशाला २ मायक्रोमीटरचा कण दिवसाला सुमारे १७ सेंटीमीटर उतरतो, २० मायक्रोमीटरचा सुमारे १७ मीटर. वाळूचा ०.२ मिलिमीटरचा दाणा मात्र सेकंदाला सेंटीमीटर-दीड सेंटीमीटरने बसतो. म्हणून वाळू मुखाशीच थांबते, आणि पीठ फ्योर्डच्या खाऱ्या पाण्यावर हलक्या गोड्या पाण्याचा पातळ थर होऊन दूरवर जाते. उपग्रहाच्या चित्रात हाच दुधाळ पट्टा दिसतो, आणि कांगेरलुसुआक फ्योर्डमधल्या त्याच्या लांबीवरून विसर्गाचा अदमास घेण्याचे कामही झाले आहे. तिथे मर्यादा अशी, की उपग्रह वरचा थर पाहतो. खारे पाणी मिसळले की बारीक कण एकमेकांना चिकटून गुठळ्या होतात, भराभर खाली जातात आणि चित्रातून नाहीसे होतात, जरी गाळ फ्योर्डमध्येच असला तरी.

अशाच उपग्रहचित्रांवरून ग्रीनलंडच्या १६० नद्यांचा हिशेब २०१७मध्ये मांडला गेला. जगातल्या नद्या समुद्रात जेवढे गोडे पाणी नेतात त्यातला ग्रीनलंडचा वाटा १.१ टक्का, पण निलंबित गाळातला वाटा ७ ते ९ टक्के. त्यातही १५ टक्के नद्या ८० टक्के गाळ वाहतात. इतका गाळ इतक्या थोड्या नद्यांतून आणि थोड्या दिवसांत जात असेल, तर पुराच्या मोजक्या दिवसांत केलेली चूक सरासरीत विरून जात नाही.

पुढच्या अशा उन्हाळ्यासाठी पुलाखालच्या खडकात दोन गोष्टी आधीच बसवाव्या लागतील: पाणी चढताना आपोआप भरणाऱ्या, वेगवेगळ्या उंचीवरच्या बाटल्या, आणि एकाऐवजी दोन मर्यादांचे दोन सेन्सर. बाटल्यांचा नमुना काठाचा असेल आणि वाळूला कमीच पकडेल, पण प्रमाण १.५ होते की ४.७ हे तो नक्की सांगेल. पूर ओसरल्यावर लगेच दरीत जाऊन ताज्या थरांची जाडी मोजावी आणि कणांचे नमुने घ्यावेत, कारण फार वेळ मिळत नाही. वाळू कोरडी झाली की हिमस्तरावरून उतरणारा वारा बारीक पोयटा उडवून दरीबाहेर नेतो, आणि पुराने जे मागे ठेवले त्यातला हिशेबाला लागणारा भाग पहिल्यांदा जातो.